स्कूबा करताना कमरेला शिसं का बांधतात? आणि ते कमी-जास्त झालं तर काय होतं?

मालवण, तारकर्ली किंवा देवबागचं स्कूबाचं रील तुम्ही एकदा तरी पाहिलंच असेल. अंगाला घट्ट बसलेला काळा सूट, डोळ्यांवर मास्क, पाठीवर सिलेंडर आणि आजूबाजूला फिरणारे रंगीत मासे. पण या रीलमध्ये एक गोष्ट सहसा नजरेत येत नाही. ती म्हणजे कमरेच्या पट्ट्यात ओवलेले शिशाचे तुकडे.

पाण्यात उतरणाऱ्या माणसाला वजन कशाला बांधायचं? उलट त्याने तो बुडणार नाही का? पहिल्यांदा स्कूबा करणाऱ्या जवळपास प्रत्येकाच्या मनात हा प्रश्न येतो. बोटीवर गडबड असते, पुढचा ग्रुप वाट बघत असतो, त्यामुळे तो बहुतेक वेळा विचारायचा राहून जातो.

खरं तर विचारायलाच हवा असा हा प्रश्न आहे. कारण हे वजन कमी पडलं तरी धोका आहे आणि जास्त झालं तरी धोका आहे. कसं, ते समजून घेऊ.

आधी तरंगण्याचं गणित

सिंधुदुर्गच्या अगदी दक्षिणेला, सावंतवाडी तालुक्यात आरोंदा हे गाव आहे. तेरेखोल खाडीच्या अलीकडे महाराष्ट्र आणि पलीकडच्या काठावर गोव्यातलं किरणपाणी. इथून उत्तरेला गेलं की मालवणची स्कूबाची ठिकाणं आणि दक्षिणेला गेलं की गोव्यातलं ग्रँड आयलंड. म्हणजे आरोंदा हे दोन्हींच्या मधलं गाव.

पण आरोंद्याचा या विषयाशी खरा संबंध आहे तो खाडीमुळे. सह्याद्रीतून येणारं नदीचं गोडं पाणी आणि समुद्राचं खारं पाणी या खाडीत मिसळतं. पावसाळ्यात नदीला पाणी आलं की गोडं पाणी वाढतं, उन्हाळ्यात भरतीबरोबर खारं पाणी आत सरकतं. आता समजा, एकच माणूस, तेच कपडे, तेच वजन. तो खाऱ्या पाण्यात जितका तरंगेल, तितका गोड्या पाण्यात तरंगणार नाही.

शाळेत शिकलेलं आर्किमिडीजचं तत्त्व इथे आठवा. एखादी वस्तू पाण्यात बुडाली की ती काही पाणी बाजूला सारते. जेवढं पाणी बाजूला सारलं, त्याच्या वजनाइतकं बल त्या वस्तूला वर ढकलतं. हेच प्लावक बल. वस्तूचं वजन या बलापेक्षा जास्त असेल तर ती बुडते, कमी असेल तर तरंगते. दोन्ही सारखं असेल तर ती ना वर जाते ना खाली, पाण्यात जागच्या जागी राहते.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड असतं. त्यामुळे ते वर ढकलतंही जास्त. साध्या पाण्यात तळाशी बसलेलं अंडं मीठ घातल्यावर वर येतं, ते याच कारणाने.

डायव्हरला हवी असते ती तिसरी अवस्था, म्हणजे ना वर ना खाली. शिशाचे तुकडे बांधतात ते यासाठी. ते माणसाला खाली ओढायला नसतात. जे काही त्याला वर ढकलतंय, ते शून्यावर आणायला असतात.

मग माणसाला वर ढकलतं कोण?

मुख्य म्हणजे त्याचा सूट.

वेटसूट निओप्रिन नावाच्या कृत्रिम रबरापासून बनतो. कॅलिफोर्निया विद्यापीठातले भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला असा सूट तयार केला. या रबरात वायूचे लाखो बारीक बुडबुडे बंद असतात. पार्सलमध्ये येणारा बबल रॅप आठवा. तसंच, फक्त बुडबुडे डोळ्यांना दिसणार नाहीत इतके लहान. या बुडबुड्यांमुळे शरीराची उष्णता टिकते. पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली उष्णता ओढून घेतं, त्यामुळे कोकणातल्या कोमट समुद्रातही बराच वेळ राहिलं की थंडी वाजते. शिवाय खडकाला चिकटलेले धारदार शिंपले, जेलीफिश आणि ऊन यांपासूनही सूट वाचवतो.

पण बंद बुडबुडे म्हणजे तरंगण्याची सोय. ३ मिलिमीटर जाडीचा अंगभर सूट मोठ्या माणसाला साधारण २ ते ३ किलोच्या बलाने वर ढकलतो. थंड देशांत वापरतात तो ७ मिलिमीटरचा सूट असेल तर हा आकडा दुपटीहून जास्त होतो. म्हणून इंग्लंड-अमेरिकेत राहणाऱ्या आणि तिथल्या थंड पाण्यात डायव्हिंग करणाऱ्या माणसाचं वजनाचं गणित मालवणात चालत नाही. मालवणचं गणित तिथेही चालत नाही.

आता शिसंच का? कारण ते लहान आकारात जड असतं. पाण्याच्या ११ पटींहून जास्त घनता. एक किलो शिसं पाण्यात गेलं तरी ९०० ग्रॅमहून जास्त वजन शिल्लक राहतं. साध्या दगडाचं पाण्यातलं वजन बरंच कमी होतं.

कोकणातल्या मच्छीमारांना ही गोष्ट नवी नाही. रापणीच्या जाळ्याला वरच्या दोरीवर तरंगणारे बोये असतात आणि खालच्या दोरीला वजन. दोन्हींचा तोल जमला तरच जाळं पाण्यात भिंतीसारखं उभं राहतं. डायव्हरचा सूट आणि पट्टा यांचं नातं तसंच आहे. फरक एवढाच, की खोल गेल्यावर डायव्हरचा ‘बोया’ लहान होत जातो.

खोल गेलं की काय बदलतं?

समुद्राच्या पृष्ठभागावर आपल्यावर एक वातावरण इतका दाब असतो. दर १० मीटर खोलीला त्यात आणखी एका वातावरणाची भर पडते. म्हणजे १० मीटरवर दाब दुप्पट, २० मीटरवर तिप्पट, ३० मीटरवर चौपट.

दाब दुप्पट झाला की वायूचं आकारमान निम्मं होतं. हा बॉइलचा नियम. सूटमधले बुडबुडेही दाबले जातात, सूट पातळ होतो आणि त्याचं वर ढकलणं कमी होतं. रबर थोडा विरोध करतं, म्हणून हे अगदी कागदावरच्या गणिताप्रमाणे होत नाही, पण दिशा तीच असते. त्यामुळे पृष्ठभागावर बरोबर तरंगणारा माणूस १० मीटरवर थोडा जड होतो.

ही तूट भरून काढायला बीसीडी असतं. बीसीडी म्हणजे सिलेंडर ज्याला बांधलेलं असतं ते जॅकेट. त्यात बटण दाबून हवा भरता येते आणि सोडताही येते. खोल जाताना थोडी हवा भरायची, वर येताना ती सोडत यायची.

इथे एक मोठा गैरसमज दूर व्हायला हवा. ‘आपण काय, पाच-सात मीटरच तर जाणार’, असं पर्यटक म्हणतात. पण वायूच्या दृष्टीने सगळ्यात मोठा बदल होतो तो वरच्या १० मीटरमध्येच. ३० मीटरवरून २० मीटरवर आलं तर हवा साधारण एक तृतीयांशाने फुगते. १० मीटरवरून पृष्ठभागावर आलं तर ती थेट दुप्पट होते. मालवणला पहिल्यांदा स्कूबा करणारे बहुतेक पर्यटक याच पट्ट्यात असतात. उथळ पाणी म्हणजे सोपं पाणी, असं नाही.

वजन कमी पडलं तर?

माणूस खाली राहू शकत नाही. सुरुवातीला हे फारसं जाणवत नाही. अडचण येते ती शेवटी.

पाठीवरच्या सिलेंडरमधल्या हवेलाही वजन असतं. नेहमीच्या वापरातल्या ११ लिटरच्या ॲल्युमिनियम सिलेंडरमध्ये पूर्ण भरल्यावर सुमारे अडीच किलोहून थोडी जास्त हवा मावते. डायव्ह संपत आली की त्यातली साधारण दोन किलो वापरून झालेली असते. म्हणजे डायव्हर उतरला त्यापेक्षा दोन किलोने हलका झालेला असतो. भरलेलं ॲल्युमिनियमचं सिलेंडर पाण्यात बुडतं आणि रिकामं होत आलं की तरंगायला लागतं.

प्रशिक्षित डायव्हर वर येताना ५ मीटरवर तीन मिनिटं थांबतात. शरीरात विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडावा म्हणून हा थांबा असतो. वजन कमी असेल तर नेमकं इथेच त्यांना थांबता येत नाही. सूट पुन्हा फुगलेला, सिलेंडर हलकं झालेलं, त्यामुळे शरीर वर ओढलं जातं.

झपाट्याने वर येण्यात दोन धोके आहेत. पहिला फुप्फुसांचा. घाबरून श्वास रोखला आणि वर आलो, तर छातीतली हवा फुगते आणि फुप्फुसाला इजा होऊ शकते. हवेचे बुडबुडे रक्तात शिरून मेंदूपर्यंत पोहोचू शकतात. यासाठी फार खोल असावं लागत नाही. छाती हवेने पूर्ण भरलेली असेल, तर दीड मीटरहून कमी फरकही पुरतो. म्हणून स्कूबाचा पहिला नियम हाच आहे: पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही.

दुसरा धोका डीकम्प्रेशन सिकनेसचा, ज्याला डायव्हर बेंड्स म्हणतात. खोल आणि जास्त वेळ राहून पटकन वर आल्यावर नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत, मज्जारज्जूत अडकू शकतात.

मग थोडं जास्तच वजन बांधलं तर?

‘खाली जात नाहीये? अजून एक तुकडा घाला.’ ही सोपी युक्ती वाटते. पण ती फसवी आहे.

समजा, एखाद्याला गरजेपेक्षा ४ किलो जास्त वजन लावलं. ते तोलायला त्याला जॅकेटमध्ये ४ लिटर जास्त हवा भरावी लागेल, कारण एक लिटर हवा साधारण एक किलो उचलते. आता हा माणूस १० मीटरवर आहे आणि थोडा वर, ५ मीटरवर आला. तेवढ्यात त्या ४ लिटरची सव्वापाच लिटरहून जास्त हवा झाली. म्हणजे तो एकदम सव्वा किलोने हलका झाला आणि आणखी वर जायला लागला. वर गेला की हवा आणखी फुगते, आणखी वर ढकलते.

योग्य वजन असलेल्या डायव्हरच्या जॅकेटमध्ये त्याच ठिकाणी समजा एकच लिटर हवा असेल. ५ मीटरवर येताना ती फक्त एक तृतीयांश लिटरने वाढेल. एवढा फरक तो श्वासावर सांभाळू शकतो.

म्हणजे जास्त वजन बांधल्याने माणूस फक्त बुडत नाही, त्याचं वर-खाली होणंही ताब्यात राहत नाही. शिवाय पाय खाली लोंबकळतात, पोहायला जास्त जोर लागतो, दम लागतो आणि सिलेंडरमधली हवा लवकर संपते. पाय किंवा फिन खालच्या प्रवाळाला लागतात. मालवणचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. तिथे एका लाथेने तुटलेलं प्रवाळ पुन्हा वाढायला अनेक वर्षं लागतात.

जास्त वजनाचा सगळ्यात मोठा धोका मात्र पाण्याच्या वर आल्यावर असतो. हवा संपलेली, माणूस दमलेला, लाटा तोंडावर येतायत. अशा वेळी जॅकेट फुगलं नाही, तर कमरेचं शिसं त्याला पुन्हा खाली नेतं.

डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था डायव्हिंगमधल्या अपघातांचा अभ्यास करते. छंद म्हणून स्कूबा करणाऱ्या ९४७ जणांच्या मृत्यूंचं विश्लेषण २००८ साली प्रसिद्ध झालं. घाईने वर येणं आणि हवा अपुरी पडणं यांच्या जोडीला तरंगण्याचा तोल बिघडणं हे कारणही त्यात वेगळं नोंदवलेलं आहे. आणि डायव्हिंगच्या अपघातांच्या अहवालांत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते: मरण पावलेल्या अनेकांच्या कमरेचा वजनाचा पट्टा तसाच बांधलेला होता. तो सोडायचा असतो, हे त्या घाबरलेल्या क्षणी सुचलंच नाही.

पहिल्यांदा उतरणाऱ्यांच्या बाबतीत नेमकं काय होतं?

घाबरलेला माणूस श्वास कसा घेतो, आठवून पाहा. छाती भरून आत घेतो आणि पूर्ण सोडत नाही. छातीत दोन लिटर जास्त हवा राहिली, तर तो दोन किलोने जास्त तरंगतो. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, याला वजन कमी पडतंय. आणखी शिसं ओवलं जातं. खाली गेल्यावर मासे दिसतात, भीती जाते, श्वास संथ होतो. मग तोच माणूस अचानक जड होतो.

मार्गदर्शक पाठीमागून सिलेंडर धरून नेत असेल, तर हा फरक तो सांभाळून घेतो. म्हणूनच पर्यटकाने त्याच्यापासून दूर जायचं नसतं आणि मार्गदर्शकाचं लक्ष एका वेळी अनेकांत वाटलेलं नसावं. तरंगतोय असं वाटलं तर पहिला उपाय म्हणजे श्वास सावकाश, पूर्ण बाहेर सोडणं. शिसं त्यानंतर.

दुसरी नेहमीची चूक होते ती कोर्स करणाऱ्यांची. पुण्या-मुंबईच्या स्विमिंग पूलमध्ये सराव केलेला असतो आणि तिथलं वजन पाठ झालेलं असतं. पण शरीर आणि साहित्य मिळून ९५ लिटर पाणी बाजूला सारत असेल, तर गोड्या पाण्यातून समुद्रात आल्यावर वर ढकलणारं बल २ किलोहून जास्त वाढतं. त्यात पूलमध्ये पातळ टी-शर्ट होता आणि समुद्रात ३ मिलिमीटरचा सूट आहे, तर फरक चार-पाच किलोंपर्यंत जातो. आरोंद्याच्या खाडीची गोष्ट इथे पुन्हा लागू होते: पाणी बदललं की हिशेब बदलतो.

योग्य वजन ठरवायचं कसं?

३ मिलिमीटरच्या सूटसाठी शरीराच्या वजनाच्या ५ टक्के, म्हणजे ७० किलोच्या माणसाला साडेतीन किलो, असा एक ढोबळ अंदाज प्रशिक्षणात सांगितला जातो. पण तो फक्त सुरुवातीचा आकडा. स्नायू पाण्यात बुडतात आणि चरबी तरंगते, त्यामुळे सारख्याच वजनाच्या दोन माणसांना वेगवेगळं शिसं लागू शकतं. नवा सूट जास्त तरंगतो, बरीच वर्षं वापरून दबलेला सूट कमी. स्टीलचं सिलेंडर ॲल्युमिनियमपेक्षा जड पडतं.

म्हणून खरी तपासणी पाण्यातच होते. ती अशी:

• सगळं साहित्य घालून, मार्गदर्शक जवळ असताना, जिथे पाय टेकणार नाहीत अशा शांत पाण्यात उभं राहायचं. रेग्युलेटर तोंडात.

• जॅकेटमधली सगळी हवा सोडायची. पाय हलवायचे नाहीत.

• नेहमीसारखा श्वास घेऊन क्षणभर थांबायचं. पाणी डोळ्यांच्या पातळीला आलं पाहिजे. (हे पृष्ठभागावर चालतं. खाली गेल्यावर श्वास रोखायचा नाही.)

• श्वास पूर्ण सोडल्यावर हळूहळू खाली जायला हवं. दगडासारखं खाली गेलात तर वजन जास्त. तरंगतच राहिलात तर कमी.

• ही तपासणी भरलेल्या ॲल्युमिनियम सिलेंडरने केली असेल, तर शेवटी हलकं होणारं सिलेंडर धरून साधारण दोन किलो वाढवायचे.

बोटीवर विचारायचे प्रश्न

पहिल्यांदाच जात असाल तर ही सगळी तपासणी स्वतः करणं शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नसते. पण पुढचे प्रश्न कुणीही विचारू शकतं.

१. मला किती किलो वजन लावलंय आणि ते कशावरून ठरवलं?

२. पट्ट्याचं बक्कल कुठे आहे? एका हाताने कसं सोडायचं? बोटीवरच एकदा सोडून बघा.

३. पट्टा सगळ्यात वर आहे ना? जॅकेटचा किंवा सिलेंडरचा पट्टा त्यावरून गेला असेल तर सोडला तरी तो खाली पडत नाही.

४. जॅकेटमध्ये हवा भरायचं आणि सोडायचं बटण कोणतं?

५. माझ्याबरोबर पाण्यात कोण असेल आणि ते किती जणांना सांभाळणार आहेत?

यांची उत्तरं द्यायला चांगल्या मार्गदर्शकाला एक-दोन मिनिटं लागतात. उत्तर टाळलं जात असेल, तर न उतरण्याचा पर्याय तुमच्या हातात असतो.

अडचण आलीच तर?

पाण्याखाली असताना आपोआप वर जायला लागलात, तर श्वास सतत बाहेर सोडत राहा, जॅकेटमधली हवा सोडा आणि हात-पाय पसरून वेग कमी करा. पाण्याखाली असताना घाबरून पट्टा सोडू नका, नाहीतर तुम्ही बाणासारखे वर जाल. तो शेवटचा उपाय आहे.

वर आल्यावर मात्र क्रम उलटा. आधी जॅकेट फुगवा. ते फुगत नसेल किंवा तुम्ही दमला असाल, तर विचार न करता पट्टा सोडून द्या. शिशाचे पैसे भरावे लागतील, ही भीती मनात ठेवू नका.

आणि बोटीवर परत आल्यावर पट्टा लगेच काढा, लाइफ जॅकेट घाला. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबा करून परतणारी पर्यटकांची बोट उलटली आणि दोघांचा मृत्यू झाला. त्या दुर्घटनेचा शिशाच्या वजनाशी संबंध नव्हता. पण डायव्ह संपली म्हणजे धोका संपला, असं नसतं, हे तिने दाखवून दिलं.

हे आत्ताच का समजून घ्यायचं?

कारण सिंधुदुर्गात स्कूबा वाढतंय. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन महामंडळाची स्कूबा प्रशिक्षण संस्था आहे. जानेवारी २०२४ मध्ये नौदलाच्या सेवेतून निवृत्त झालेली ‘आयएनएस गुलदार’ ही नौका वेंगुर्ल्याजवळ निवतीच्या समुद्रात ठेवून तिथे पाण्याखालचं संग्रहालय आणि कृत्रिम प्रवाळ उभारण्याचा प्रकल्प राज्याने हाती घेतला. आरोंदा, शिरोडा, रेडी हा पट्टा तिथून फार लांब नाही. म्हणजे पाण्याखाली उतरणारे पर्यटक वाढणार, आणि त्यांना घेऊन जाणारी स्थानिक मुलंही.

त्या सगळ्यांच्या कमरेला शिसं असणार आहे. ते किती आहे, का आहे आणि कसं सोडायचं, एवढं माहीत करूनच पाण्यात उतरा. रील नंतरही काढता येईल.